झेबाखचें हिरवें रान

इ. स. 1905 च्या वसंतांत जर्मनीच्या मध्यभागीं असलेल्या हाइनिख नांवाच्या अरण्यावर एक विलक्षण संकट ओढवलें. ओकच्या पानाची सुरळी करून तींत राहणारी एक बारीकशी हिरवी अळी त्या वर्षीं इतकी माजली, कीं पालवी फुटतांच फस्त होऊं लागली आणि मैलच्या मैल झाडें ऐन वसंतांत शिशिरांतल्याप्रमाणें उघडीं पडलीं. या ओसाडींत एकच रान हिरवेंगार उभें होतें. तें झेबाखचे जहागीरदार हान्स फॉन बेर्लेप्श यांचें. त्यांच्या रानाबाहेर पाव मैलाहून थोडें पुढें गेलें म्हणजे किडीच्या पहिल्या खुणा दिसत, आणि तितकेंच अंतर आणखी ओलांडलें कीं नासाडी पुरती दृष्टीस पडे. हा वृत्तान्त बेर्लेप्श यांचे अनुयायी मार्टिन हीझेमान यांनीं आपल्या पुस्तकांत दिला. 1908 सालीं त्या पुस्तकाचें इंग्रजी भाषांतर झालें आणि या हिरव्या रानाची कीर्ति दूरवर पसरली.

रहस्य म्हणावें तर त्यांत मंत्रतंत्राचें कांहीं नव्हतें. त्या झाडांवर लांकडाच्या पेट्या टांगलेल्या होत्या. पुस्तक लिहिलें गेलें तोंपर्यंत त्यांची संख्या 2,000 च्या वर गेली होती. त्या पेट्यांतून वल्गुलीच्या जातीचे चिमणीएवढे कीटकभक्षक पक्षी बिऱ्हाड करून राहत असत.

पक्ष्याला घर टांगून द्यावें ही कल्पना बेर्लेप्श यांची नव्हे. ती त्यांच्याहून कित्येक शतकें जुनी आहे आणि तिचें मूळ फारसें सात्त्विक नाहीं. हॉलंड-बेल्जम या सखल प्रदेशांत लोक घराच्या भिंतीला मातीचीं मडकीं अडकवून ठेवीत. त्यांत स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचा तिकडचा भाऊबंद, अंडीं घाली. मडक्याच्या पाठीला हात जाण्याजोगें भोंक असे. पिलें अंगानें भरलीं, पण उडण्याजोगीं झालीं नाहींत, अशा वेळीं त्या भोंकांतून काढून तीं स्वयंपाकघरांत नेत. पाहुण्याला ओसरी द्यावी आणि त्याच्याच मुलाबाळांवर ताव मारावा, असा हा आतिथ्यधर्म होता! एकोणिसाव्या शतकांत यॉर्कशायरमधील चार्ल्स वॉटर्टन या विक्षिप्त गृहस्थानें आपल्या इस्टेटीभोंवतीं तीन मैलांची भिंत घालून आंत बंदुकीला मज्जाव केला आणि स्टार्लिंगांसाठीं मुद्दाम बुरूज बांधला, तो मात्र निव्वळ प्रेमापोटीं. पक्ष्यांचा उपयोग शेतीला व वनाला होतो म्हणून त्यांना घरें द्या, असा हिशेबी युक्तिवाद त्याच शतकाच्या मध्याला जर्मन प्राणिशास्त्रज्ञ ग्लोगर यानें मांडला.

पण घरें देण्याची वेळ कां आली? जर्मनींतील पक्षी तोंवर कोठें राहत होते? ते झाडांच्या ढोल्यांत राहत होते, आणि त्या ढोल्या जर्मनांनींच नाहींशा केल्या होत्या. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथें वनशास्त्र नांवाची नवी विद्या उदयास आली. किती एकरांत किती घनफूट लांकूड उभें आहे आणि तें किती वर्षांनीं तोडावयाचें, याचीं कोष्टकें तयार झालीं. मिश्र अरण्यें जाऊन स्प्रूस आणि पाइन यांच्या सरळ रांगा उभ्या राहिल्या. या हिशेबांत म्हातारें, वठलेलें, पोकळ झालेलें झाड म्हणजे जागा अडवून बसलेला कुळकर्जी. तें प्रथम तोडावयाचें. रान स्वच्छ झालें, उत्पन्न वाढलें, आणि ढोलींत राहणारा पक्षी बेघर झाला. पुढें एकाच जातीच्या झाडांच्या त्या पलटणींवर किडीच्या धाडी येऊं लागल्या. उत्तम व्यवस्थेनें स्वतःच्याच रखवालदाराला हांकून द्यावें, याचें इतकें स्पष्ट उदाहरण इतिहासांत विरळा.

बेर्लेप्श यांचें वैशिष्ट्य असें, कीं त्यांनीं घराची योजना सुताराला न विचारतां सुतार पक्ष्याला विचारली. 1857 सालीं जन्मलेल्या या सरदारानें आयुष्यभर पक्ष्यांचाच नाद केला. सुतार पक्ष्यानें पोखरलेल्या ढोल्यांचीं खोडें मिळवून त्यांनीं तीं उभीं चिरलीं आणि आंतील रचना मोजली. दाराचें भोंक बाहेरून आंत किंचित् चढतें असतें, त्यामुळें पावसाचें पाणी आंत उतरत नाहीं. आंतली पोकळी सुरईसारखी असून खालीं निमुळती होत जाते व तिचा तळ वाटीसारखा खोलगट असतो. अंडीं घरंगळून विखुरत नाहींत, आईच्या पोटाखालीं एकत्र राहतात. तळाशीं लांकडाचा चुरा असतो. बेर्लेप्श यांनीं झाडाचा सालीसकट ओंडका घेऊन यंत्रानें तशीच पोकळी कोरविली, वर झांकण बसविलें, आंत भुसा व माती यांची मूठभर गादी घातली. वेस्टफालियांतील ब्यूरेन येथें या ढोल्यांचा कारखानाच निघाला. पेटी मागें कलती टांगूं नये, सरळ किंवा किंचित् पुढें झुकती असावी. तिचें तोंड वादळी वाऱ्याच्या दिशेला नसावें. अशीं बारीकसारीक पथ्यें त्यांनीं घालून दिलीं. 1899 सालीं त्यांनीं आपली पद्धति ग्रंथरूपानें मांडली, आणि 1908 सालीं झेबाखच्या त्यांच्या केंद्राला प्रशियाच्या सरकारनें मान्यता दिली. पुढें अनुभवानें असें ठरलें, कीं पक्षी इतका चोखंदळ नाहीं. साध्या फळ्यांची पेटीही त्याला चालते. भोंकाचा आकार मात्र महत्त्वाचा. मोठ्या वल्गुलीला 32 मिलिमीटर पुरतात; तेंच 45 केलें कीं स्टार्लिंग आंत घुसतो.

आतां मुख्य प्रश्न. झेबाखचें रान पक्ष्यांनींच वांचविलें काय? हीझेमान यांना त्याबद्दल शंका नव्हती, आणि त्यांच्या म्हणण्याला आधारही होता. ही अळी ज्या अंड्यांतून निघते तीं आदल्या उन्हाळ्यांतच डहाळ्यांवर घातलेलीं असतात व हिंवाळाभर तेथेंच राहतात. वल्गुली हिंवाळ्यांत परदेशीं जात नाहीं. ती त्याच डहाळ्या धुंडाळीत फिरते. तथापि कायद्याच्या भाषेंत बोलावयाचें तर हा पुरावा एका रानाचा आणि एका वर्षाचा होता. बेर्लेप्श यांनीं झुडुपांची दाटीही मुद्दाम राखली होती. अशा दाटींत किड्यांचे इतर शत्रुही पोसले जातात. श्रेय कोणाचें किती, हें एका साक्षीवरून ठरविणें धाडसाचें आहे. पण जगाला तेवढी साक्ष पुरली. 1942 सालीं, युद्ध चालू असतांना, इंग्लंडमधील डीनच्या अरण्यांत ओकवरील याच अळीच्या बंदोबस्तासाठीं पेट्या टांगल्या गेल्या.

निकाल लागला तो हॉलंडमध्यें, आणि तो दोन्ही पक्षांना अर्धाअर्धा मानावा लागला. ल्यूक टिनबर्गन यांनीं तेथील पाइनच्या रानांत पेट्यांतील वल्गुली पिलांना कोणते किडे, किती भरवितात याची वर्षानुवर्षें मोजदाद केली. 1955 सालीं ते अकालीं वारले. त्यांचें संशोधन 1960 सालीं प्रसिद्ध झालें. एखादा किडा अगदीं थोडा असला तर पक्ष्याचें त्याकडे लक्षच जात नाहीं. तो बेताचा वाढला कीं पक्ष्याची नजर त्यावर बसते आणि त्याचा मोठा हिस्सा टिपला जातो. पण त्याचा सुळसुळाट झाला कीं पक्षी कितीही खावोत, हिस्सा घटतो. किडा एका हंगामांत शेंकडों पटींनीं वाढूं शकतो. पक्षी तसे वाढत नाहींत; जोडपें आपली हद्द राखतें, आणि पिलांचें पोट एकाच पदार्थानें भरणेंही त्याला रुचत नाहीं. म्हणजे पेट लागल्यावर पक्षी आग विझवूं शकत नाहींत. ठिणग्या वेंचण्याचें काम मात्र ते उत्तम करतात. 1905 च्या त्या रानाविषयीं माझें मत असें, कीं पक्ष्यांनीं तेथें कांहीं केलें असेल तर तें त्या वसंतापूर्वींच्या निमूट गेलेल्या वर्षांत केलें, जेव्हां पाहावयास कोणी गेलें नव्हतें.

या निमूट कामाचा हिशेबही पुढें लागला. अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत ओकच्या रोपट्यांवर जाळीचे पिंजरे घालून पक्ष्यांना दूर ठेवलें, तेव्हां पानें खाणारे किडे दुपटीच्या घरांत गेले आणि झाडांची वाढ खुंटली. हा प्रयोग 1994 सालीं प्रसिद्ध झाला. 2002 सालीं डच संशोधकांनीं सफरचंदांच्या बागांचे आंकडे दिले. पेट्या लावून वल्गुली आणल्या तेथें अळीनें डागाळलेलीं फळें 13.8 टक्क्यांवरून 11.2 टक्क्यांवर आलीं, आणि दर झाडाचें उत्पन्न 4.7 किलोवरून 7.8 किलोवर गेलें. बेर्लेप्श यांचें स्वप्न याहून मोठें होतें हें खरें, पण बागाइतदाराला हा आंकडा लहान वाटणार नाहीं.

दरम्यान पेटीनें एक भलतेंच काम केलें. ज्या पक्ष्याचें घर आपण टांगलें त्याचीं अंडीं मोजतां येतात, पिलांच्या पायांत वाळे घालतां येतात. हॉलंडमधील अशाच पेट्यांचें काम पाहून डेव्हिड लॅक यांनीं 1947 सालीं ऑक्सफर्डजवळच्या वाइथम वनांत वल्गुलींची नोंद सुरू केली, आणि पक्ष्यांची संख्या कशी वाढते व कशी आवरली जाते या शास्त्राचा मोठा भाग त्या पेट्यांतून बाहेर पडला. कीड मारण्यासाठीं निघालेली वस्तु ज्ञानाच्या कामीं आली.

या विषयाचा एक धागा आपल्याही दाराशीं येतो. 1864 सालीं हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक नेमले गेले ते डीट्रिख ब्रांडिस जर्मनच होते. कोष्टकांची विद्या त्यांच्याबरोबर आपल्या सागवनांत आली. सागाचीं पानें पावसाळ्यांत सुरवंट चाळणीसारखीं करून टाकतात, हें कोंकणांतील माणसास सांगावयास नको. आणि दयाळ, साळुंकी, राखी वल्गुली यांना आपल्याकडेही ढोलीच लागते.

हाइनिखचा कांहीं भाग विसाव्या शतकांत लष्करी सरावासाठीं राखला गेल्यामुळें कित्येक दशकें कुऱ्हाडीपासून वांचला. 1997 सालीं तेथें राष्ट्रीय उद्यान झालें, आणि 2011 सालीं तेथील बीचचें अरण्य जागतिक वारशांत गणलें गेलें. वठलेलीं व पोकळ झाडें आतां तेथें तोडीत नाहींत. पडलीं तर पडल्या जागीं कुजूं देतात. सुतार पक्षी त्यांत नव्या ढोल्या पाडतात, आणि ते सोडून गेले कीं वल्गुली त्यांत राहावयास येतात.