विंचवाचें बिऱ्हाड आणि दगडी बांध

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ज्याला स्वतःचें स्थिर घर नाहीं अशा माणसाविषयीं ती बहुधा कांहींशा कींवेनें वापरली जाते. परंतु उत्तर अमेरिकेंत गेल्या शंभर वर्षांत निराळाच प्रकार घडला. ज्यांस शहरांत उत्तम पक्कीं घरें आहेत तेच लोक हौसेनें बिऱ्हाड पाठीवर घेऊं लागले. मोटारीच्या मागें जोडलेली एक चाकांची खोली, तींत दोन बिछाने, एक लहानशी चूल, पाण्याची टांकी आणि मासे धरण्याचे गळ एवढा संसार ओढीत हे गृहस्थ उत्तरेकडील अरण्यांत शिरतात व एखाद्या सरोवराच्या कांठीं आठ-पंधरा दिवस राहतात. जेथें वीज नाहीं, नळ नाहीं आणि हांकेच्या अंतरावर शेजारी नाहीं, ती जागा त्यांस अधिक प्रिय असते.

कॅनडांतील क्वेबेक प्रांताचें ला व्हेरांद्री हें राखीव अरण्य अशा बिऱ्हाडांचें जणूं माहेरघरच होय. मॉन्ट्रियल शहराच्या वायव्येस पसरलेल्या ह्या अरण्याचें क्षेत्रफळ सुमारें साडेबारा हजार चौरस किलोमीटर असून त्यांत सरोवरें व नद्या मिळून चार हजारांहून अधिक जलाशय आहेत. वसंतांत बर्फ वितळलें व मे महिन्यांत मासेमारीचा हंगाम उघडला, म्हणजे स्प्रूस व बर्च वृक्षांच्या आडोशाला चाकांचीं घरें दिसूं लागतात. तिन्हीसांजेला होडी पाण्यांत लोटावयाची आणि वॉलआय मासा गळाला लागण्याची वाट पाहावयाची, हा तेथील नित्यक्रम. ह्या माशाच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा एक पडदा असतो. त्यामुळें त्याला अंधुक उजेडांत चांगलें दिसतें, आणि भक्ष्य शोधण्यास तो संधिप्रकाशाचीच वेळ साधतो. अशा वेळीं त्या निःशब्द पाण्यावर बसलेल्या पाहुण्याला वाटावें कीं, सृष्टीच्या आरंभीं हें रान जसें होतें तसेंच आज आपण पाहत आहों.

ह्या समजुतीचा इतिहासाच्या आधारें थोडा विचार करावा, असा आमचा हेतु आहे. कारण नकाशा पुढें घेऊन पाहूं जातां असें दिसतें कीं, पाहुणा ज्या वाटेनें आला ती वाट, ज्या पाण्यावर तो बसला आहे त्यांपैकीं पुष्कळसें पाणी आणि ह्या अरण्याचें नांव, ह्या तीनहि गोष्टी माणसानें घडविलेल्या आहेत. आणि त्याहि अगदीं अलीकडे.

प्रथम, ह्या तिन्ही गोष्टींच्या पूर्वीं तेथें कोण होतें तें पाहूं. हा प्रदेश अनिशिनाबे लोकांच्या अल्गोंक्विन शाखेचा. त्यांच्यापैकीं बॅरिएर लेक येथील समाज स्वतःस 'मिचिकनिबिकोक इनिक' म्हणवितो. त्याचा अर्थ, दगडी बांधाचे लोक. पाण्याच्या अरुंद वाटेंत दगड रचून मासे अडविण्याची जी जुनी युक्ति, तिच्यावरूनच ह्या समाजास नांव मिळालें; आणि 'बॅरिएर' हा फ्रेंच शब्द त्याच बांधाचा वाचक आहे. तात्पर्य, ज्या सरोवरीं आज हौसेचे मासेमार जातात तेथें मासेमारी हीच एका समाजाची ओळख होती.

हे लोकहि बिऱ्हाड पाठीवर घेऊनच हिंडत. त्यांची होडी बर्चच्या सालीची. ती स्प्रूसच्या मुळांनीं शिवलेली व सांधे डिंकानें लिंपलेले, आणि इतकी हलकी कीं दोन सरोवरांमधील जमिनीवरून ती खांद्यावर घेऊन जातां येई. झोंपडीवर घालावयाच्या सालीच्या गुंडाळ्याहि बरोबर असत. तथापि ह्या हिंडण्यास दिशा नव्हती असें मात्र नव्हे. शेजारच्या ग्रँड लेक व्हिक्टोरिया येथील अल्गोंक्विनांच्या शिकारभूमींचा अभ्यास डेव्हिडसन ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९२० ते १९३० ह्या दशकांत प्रसिद्ध केला. प्रत्येक कुटुंबाची शिकारीची जमीन ठरलेली असे, हें त्यावरून स्पष्ट होतें. ज्याला आपण मोकळें रान म्हणतों त्याला अशा प्रकारें धनी होते. फक्त कुंपणें नव्हतीं.

आतां पाण्याकडे वळूं. गातिनो नदीच्या खोऱ्यांत वीज उत्पन्न करण्यासाठीं १९२७ ते १९२९ ह्या काळांत मोठमोठीं धरणें झालीं, आणि त्यांतच १९२८-२९ च्या सुमारास काबोंगा जलाशय भरला. पुढें १९४९ मध्यें ओटावा नदीवर दोझ्वा जलाशय झाला. शेंकडों बेटें व वांकडेतिकडे किनारे असलेलीं हीं विस्तीर्ण सरोवरें पाहून तीं निसर्गाचीं लेणीं वाटतात. पण तीं बुडालेल्या दऱ्या आहेत. त्यांच्याखालीं अल्गोंक्विनांचे जुने किनारे व शिकारीच्या जागा गेल्या. पाण्याखालीं बुडालेल्या मातींत व झाडोऱ्यांत सूक्ष्म जंतूंच्या क्रियेनें पारा विषारी रूप घेतो आणि लहान माशांतून मोठ्या माशांत सांठत जातो. वॉलआय व पाइक हे शिकारी मासे बेतानें खावे, असा सल्ला सरकार देतें तो ह्याच कारणानें. धरणाचा इतिहास असा पाहुण्याच्या ताटापर्यंत येऊन पोहोंचतो.

वाटेचा इतिहास ह्याच्याच पाठोपाठ येतो. अरण्याच्या उत्तरेस आबितिबी प्रांत आहे. १९३० नंतरच्या मंदींत बेकार कुटुंबांस तेथें शेतीसाठीं वसविण्यांत आलें, आणि व्हाल-दोर येथील सोन्याच्या खाणींनीं तर तेथें नगरेंच उभीं केलीं. ह्या मुलखास मॉन्ट्रियलशीं जोडण्यासाठीं अरण्यांतून रस्ता काढण्यांत आला, आणि १९३९ मध्यें त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांची भूमि शिकारीसाठीं व मासेमारीसाठीं राखीव झाली. अल्गोंक्विनांसाठीं १९२८ मध्येंच ग्रँड लेक व्हिक्टोरियाच्या परिसरांत बीव्हर प्राण्याचें एक राखीव क्षेत्र नेमण्यांत आलें होतें. आतां रस्त्याच्या लगतच्या पट्ट्यांत त्यांनाच सापळे लावण्याची बंदी झाली. पाहुण्यासाठीं फाटक उघडलें आणि घरच्या माणसासाठीं तें मिटलें.

नांवाची गोष्टहि ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९५० मध्यें ह्या अरण्यास ला व्हेरांद्री हें नांव देण्यांत आलें. हा प्रवासी १६८५ मध्यें त्र्वा-रिव्हिएर येथें जन्मला व १७४९ मध्यें मॉन्ट्रियल येथें वारला. त्याच्या मृत्यूस दोनशें वर्षें झाल्याचें तें निमित्त. पश्चिमेच्या समुद्राचा शोध घेण्यासाठीं तो सुपीरियर सरोवराच्याहि पलीकडे गेला. परंतु त्याच्या योजनेस ज्याचा मोठा आधार मिळाला तो नकाशा ओचागाच नांवाच्या एका क्री मनुष्यानें काढून दिलेला होता. वाट दाखविणारा एक आणि नांव दुसऱ्याचें, हा क्रम जगाच्या इतिहासांत नवा नाहीं.

हें सर्व सांगतांना दुसरी बाजू लपविणें मात्र अन्यायाचें होईल. क्वेबेकमध्यें १८८० नंतरच्या दशकापासून उत्तमोत्तम सरोवरें खाजगी मंडळांस भाड्यानें देण्याची चाल होती. श्रीमंत सभासदांचीं अशीं शेंकडों मंडळें झालीं, आणि साध्या गिरणीकामगाराला आपल्याच प्रांतांतील पाण्यांत गळ टाकण्याची चोरी झाली. ही चाल १९७७-७८ मध्यें मोडण्यांत आली. ला व्हेरांद्रीसारखें सरकारी अरण्य मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून सामान्य माणसास थोडक्या दरांत खुलें होतें. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटार व पगारी सुटी हातीं आलेल्या कुटुंबांनीं तेथें आपल्या मुलांस तारे दाखविले, मासा साफ करावयास शिकविलें. ही लोकशाहीची खरी कमाई होय. दुःख एवढेंच कीं, 'सर्वांसाठीं' ह्या शब्दांत आधींपासून तेथें असलेल्यांची गणना झाली नाहीं.

१९६१ मध्यें बॅरिएर लेकच्या लोकांस रॅपिड लेक येथें वस्तीसाठीं जागा मिळाली, ती अवघी ५९ एकर! पुढें लांकूडतोडीच्या यंत्रांनीं डोंगर उघडे होऊं लागले, तेव्हां १९८९ मध्यें त्यांनीं रस्ते अडविले. त्यांतून १९९१ मध्यें केंद्रसरकार, क्वेबेक सरकार व हा समाज ह्यांच्यांत एक त्रिपक्षीय करार झाला. अरण्य तोडतांना तेथें राहणाऱ्यांच्या उपजीविकेचा विचार आधीं व्हावा, हें त्याचें सार. केंद्रसरकार २००१ मध्यें त्यांतून बाहेर पडलें. २०२० च्या शरदांत अनिशिनाबे लोक पुन्हां रस्त्यांवर आले. मूस हरणांची संख्या घटत आहे, असें त्यांचें म्हणणें होतें. दुसऱ्या वर्षीं क्वेबेक सरकारनें तेथील मूसची हौशी शिकार दोन वर्षांपुरती थांबविली. जुन्या धन्याचें म्हणणें एकदां तरी मानलें गेलें, हें लहान यश नव्हे.

तर मग आमच्या चाकांवरच्या गृहस्थानें तेथें जाऊंच नये काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. वीज व नळ सोडून जाणारा हा पाहुणा एका अर्थानें त्या जुन्या लोकांच्याच रीतीकडे वळतो. पाणी भरून आणावें लागतें, सरपण मोजून जाळावें लागतें, आणि निघतांना जागा होती तशी सोडावी लागते. थोडक्यांत भागविण्याची ही शिकवण मोलाची आहे. परंतु ती अर्धी आहे. उरलेली अर्धी अशी कीं, ज्या रानास आपण ओसाड समजतों तें कोणाचें तरी घर असूं शकतें, आणि पाहुण्यानें आपल्याला पाहुणा म्हणून ओळखलें तरच त्याचें येणें शोभतें. पाठीवर बिऱ्हाड असलेला माणूस आज येथें, उद्यां तेथें. दगडी बांधाच्या लोकांस दुसरीकडे जावयास जागा नाहीं. तिन्हीसांजेला सरोवरावर गळ टाकून बसलेल्या मनुष्यास एवढें जरी आठवलें, तरी त्याची सुटी सार्थकीं लागली असें आम्ही म्हणूं.