वारणेचे संगणकीकरण : एक ऐतिहासिक टिपण

सहकारातील व्यवसाय-संगणकप्रणालींचा विचार करताना 1998 मधील वारणा वायर्ड व्हिलेज प्रकल्प डावलता येत नाही. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावे संगणकाने वारणानगरच्या साखर कारखान्याशी जोडण्याचा तो प्रयत्न होता. ऊसनोंद, तोडणीची परवानगी, खतांची उचल व बिलाचा तपशील गावातच मिळू लागल्याने सभासदाची खेप वाचली. हे यश लहान नव्हे. मात्र बाजारभाव व शेतीसल्ला पुरविण्याचा मूळ हेतू मागे पडला आणि यंत्र मुख्यतः कारखान्याचेच काम करीत राहिले. पुढे 2007 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चने सात गावांत मोबाईलचे लघुसंदेश वापरून पाहिले, तेव्हा तेच काम कमी खर्चात झाले. (संगणकाचे अप्रूप किती होते, हे यावरून कळावे.)

2022 मध्ये केंद्र शासनाने 63,000 प्राथमिक कृषी पतपुरवठा संस्थांसाठी 2,516 कोटी रुपयांची सामाईक प्रणाली मंजूर केली. वडूज परिसरातील विकास सोसायट्यांच्या दृष्टीने पाहता लेखापरीक्षण सुकर होणे हा तिचा निर्विवाद लाभ होय. परंतु त्यापूर्वी जुन्या खतावणीतील बाक्या जुळवाव्या लागतात. त्या न जुळल्यास प्रणाली केवळ फरक दाखविते. फरकाचे मूळ शोधणे सचिवाकडेच राहते.