अनोळखी माणूस आणि पोलिसांची नोंद

मंडळी, मौदा हे कन्हानकाठचं, नागपूर-भंडारा रस्त्यावरचं गाव. अशा वाहत्या रस्त्यावरच्या गावात परका माणूस रोजचाच. पण एखाद्या रात्री अफवा उठते आणि तोच परका माणूस खुनी वाटू लागतो. अशा वेळी काय करावं, हे सांगणारी एक खरी हकीकत आज ऐका.

मुंबईच्या पूर्व उपनगरांत १९६५-६६ साली झोपलेल्या गोरगरिबांवर रात्री हल्ले झाले. १९ जणांना मार बसला, त्यांतले ९ दगावले. पोलिसांनी एका भटक्या इसमाला संशयावरून धरलं. त्याचं नाव रामन राघव. दरोड्यापायी तो पूर्वी तुरुंगात जाऊन आला होता. पण वाचलेल्यांपैकी कोणी त्याला पाहिलं नव्हतं, पुरावा नव्हता. त्याला सोडावं लागलं. कागदोपत्री नोंद मात्र राहिली.

१९६८ साली तोच प्रकार पुन्हा सुरू झाला. फुटपाथवर आणि झोपड्यांत निजलेल्या माणसांची डोकी फुटू लागली. अवघी मुंबई धास्तावली. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. २७ ऑगस्टला फौजदार ॲलेक्स फियालो यांनी डोंगरी भागात एक माणूस पाहिला आणि छायाचित्रावरून ओळखला. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. तो रामन राघवच होता! पुढे त्याने ४१ खुनांची कबुली दिली.

कबुली झाली म्हणून कायदा तिथं थांबला नाही. खटला चालला, १९६९ साली फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने मनोविकारतज्ज्ञांकडून त्याची तपासणी करविली. त्याला जुनाट, गंभीर मनोविकार असल्याचं ठरलं आणि १९८७ साली फाशीऐवजी जन्मठेप झाली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला.

आता दुसरी बाजू पाहा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुलं पळविणारे समजून जमावाने ५ जणांना ठार मारलं. ते भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. त्यांचा गुन्हा एवढाच, की ते परके होते. तिथं ना कुणी नोंद पाहिली, ना कुणी चौकशी केली.

एकीकडे ४१ खुनांची कबुली देणाऱ्यालाही न्यायालय मिळालं. दुसरीकडे निरपराधांना साधा प्रश्नही नीट विचारला गेला नाही.

म्हणून संशय आला तर अंगावर धावू नका. माणसाचं वर्णन, वेळ, जागा ध्यानात ठेवा. पोलीसपाटलाला सांगा, ठाण्यात कळवा. आणि गुरुजी, ही गोष्ट वर्गात जरूर सांगा. खुनी धरला गेला तो जपून ठेवलेल्या कागदामुळं आणि एका सावध नजरेमुळं. काठीनं गर्दी जमते, गुन्हेगार सापडत नाही.