लॅक्रॉसमधील व्यावसायिक बचावपटू : ब्रोडी मेरिल यांच्या कारकिर्दीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
क्रीडा-इतिहासाचे लेखन बहुधा विजय, विक्रम आणि विजेते यांभोवती फिरते. सामन्याचा निकाल गोलांनी ठरत असल्यामुळे गोल करणाऱ्याचे नाव इतिहासात राहते. गोल होऊ न देणाऱ्याचे श्रम मात्र नोंदीबाहेर राहतात. प्रस्तुत लेखात लॅक्रॉस या उत्तर अमेरिकेतील खेळाचे कॅनेडियन बचावपटू ब्रोडी मेरिल यांच्या कारकिर्दीच्या आधारे या खेळातील ‘व्यावसायिक’ या संज्ञेचा अर्थ कसा बदलत गेला, हे तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

खेळाचे स्वरूप आणि बचावपटूचे स्थान :
टोकाला जाळी असलेल्या काठीने रबरी चेंडू झेलणे, वाहून नेणे आणि प्रतिपक्षाच्या गोलात फेकणे, हे लॅक्रॉसचे मूळ स्वरूप होय. पुरुषांच्या मैदानी प्रकारात प्रत्येक संघात १० खेळाडू असतात. आक्रमकाची काठी साधारणतः ४० ते ४२ इंचांची, तर बचावपटूची ७२ इंचांपर्यंत लांब असते. त्या लांब काठीने प्रतिस्पर्ध्याचा चेंडू पाडणे आणि सुटलेला चेंडू ताब्यात घेणे हे बचावपटूचे काम. इ.स. १९३० च्या दशकारंभी कॅनडात आइस हॉकीच्या बंदिस्त रिंगणात ‘बॉक्स लॅक्रॉस’ सुरू झाले. त्यात गोलरक्षकासह सहाच खेळाडू असतात आणि बचावपटूलाही आखूड काठी वापरावी लागते. म्हणजेच दोन्ही प्रकार खेळणाऱ्या बचावपटूला वस्तुतः दोन कौशल्ये आत्मसात करावी लागतात.

‘व्यावसायिक’ : एक बहिष्कारदर्शक संज्ञा :
हा खेळ मूळचा उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींचा. हॉडेनोशोनी, म्हणजेच इरोक्वॉय, समाजात तो ईश्वराची देणगी आणि रोगनिवारक विधी मानला जातो. माँट्रियल येथील दंतवैद्य विल्यम जॉर्ज बिअर्स यांनी त्याची लिखित नियमावली तयार केली आणि इ.स. १८६७ मध्ये राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. इ.स. १८८० मध्ये त्या संघटनेने ‘हौशी’ हे विशेषण आपल्या नावात घेतले व व्यावसायिकांना स्पर्धेबाहेर ठेवले. प्रवासखर्चासाठी पैसे घेणारे मूलनिवासी खेळाडू या नियमाने ‘व्यावसायिक’ ठरले आणि ज्यांनी खेळ दिला, तेच राष्ट्रीय अजिंक्यपदातून वगळले गेले. वंशभेदाचा नेमका उल्लेख न करताही तो कसा अमलात आणता येतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मेरिल यांची कारकीर्द :
ऑन्टारियो प्रांतात वाढलेल्या मेरिल यांनी अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाकडून खेळताना इ.स. २००५ मध्ये सर्वोत्कृष्ट महाविद्यालयीन बचावपटूचा पुरस्कार मिळवला. इ.स. २००६ मध्ये पोर्टलँड लंबरजॅक्स या बॉक्स लॅक्रॉस संघातून ते नॅशनल लॅक्रॉस लीगमधील सर्वोत्कृष्ट नवोदित खेळाडू ठरले. त्याच वर्षी आणि पुढे इ.स. २०१४ मध्ये कॅनडाने जागतिक अजिंक्यपद पटकावले. दोन्ही विजयांत त्यांचा सहभाग होता. सुटलेले चेंडू ताब्यात घेण्याचा नॅशनल लॅक्रॉस लीगमधील विक्रमही त्यांच्या नावावर नोंदला गेला. बचावपटूच्या श्रमाचे मोजमाप करणाऱ्या ज्या थोड्या नोंदी ठेवल्या जातात, त्यांपैकी ही एक होय.

तथापि या यशाची दुसरी बाजू अधिक उद्बोधक आहे. लंबरजॅक्स संघ इ.स. २००९ मध्ये विसर्जित झाला. त्यानंतर मेरिल एडमंटन, फिलाडेल्फिया, टोरांटो आणि सॅन दिएगो या शहरांच्या संघांतून खेळले. इ.स. २००१ मध्ये सुरू झालेली मेजर लीग लॅक्रॉस ही मैदानी स्पर्धाही, ज्यात त्यांनी अनेक हंगाम गाजवले, इ.स. २०२० च्या अखेरीस प्रीमियर लॅक्रॉस लीगमध्ये विलीन झाली. खेळाडूचे कौशल्य स्थिर, पण त्याच्या पायाखालची संस्था अस्थिर, असे हे चित्र आहे. सामने मुख्यतः आठवड्याच्या अखेरीस आणि वेतन मर्यादित असल्याने या पिढीतील बहुसंख्य खेळाडूंना दुसरा व्यवसाय करावा लागला. मेरिल यांनी स्वतः कुटुंबीयांसह इ.स. २००६ मध्ये ऑन्टारियोत ‘द हिल अकॅडमी’ ही क्रीडाभिमुख शाळा उभारली. एकोणिसाव्या शतकात पैसे घेणे हा दोष होता. एकविसाव्या शतकात ‘व्यावसायिक’ हे बिरुद सन्मानाचे झाले, परंतु चरितार्थाची हमी त्यातून मिळाली नाही.

अनुत्तरित प्रश्न :
हॉडेनोशोनी संघ इ.स. १९९० पासून जागतिक स्पर्धेत स्वतंत्र राष्ट्र म्हणून खेळतो. ज्या २०१४ च्या स्पर्धेत मेरिल यांच्या कॅनडाने सुवर्णपदक मिळवले, तिथेच या संघाने कांस्यपदक जिंकले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनात लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेटबरोबर लॅक्रॉसचाही समावेश मंजूर झाला. क्रिकेटच्या आनंदात आपल्याकडे ही दुसरी बाब फारशी चर्चिली गेली नाही. ऑलिंपिक नियमांनुसार सहभागासाठी मान्यताप्राप्त राष्ट्रीय ऑलिंपिक समिती आवश्यक असते. हॉडेनोशोनींची अशी समिती नाही. इ.स. १८८० मध्ये ‘हौशी’ या शब्दाने अडलेली वाट आता ‘राष्ट्र’ या शब्दापाशी अडते.

निष्कर्ष :
उपरोक्त विवेचनावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. एक, बचावपटूची कारकीर्द केवळ गुणफलकावरून समजत नाही. संस्था, वेतन आणि उपजीविका यांच्या संदर्भातच ती वाचावी लागते. दोन, ‘हौशी’, ‘व्यावसायिक’ व ‘राष्ट्रीय’ या संज्ञा वरकरणी तटस्थ वाटल्या, तरी मैदानात कोण उतरणार हे त्याच ठरवतात. क्रीडा-इतिहासाच्या अभ्यासकाने विजेत्यांच्या यादीइतकेच या संज्ञांकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे.