डेक्सा स्कॅन म्हणजे काय? हाडांची घनता कधी तपासावी?

नाडीचे ठोके, झोप, पावलं हे सगळं आता स्मार्टवॉचवर दिसतं. पण हाडं किती मजबूत आहेत हे कुठलंच घड्याळ किंवा ॲप मोजू शकत नाही. त्यासाठी डेक्सा स्कॅन लागतो. मी वडशाचा (देसाईगंज). इथून नागपूरला जाऊन तपासणी करायची म्हणजे पूर्ण दिवस मोडतो. म्हणून गरज कोणाला आहे, हे आधी बघू.

मशीन कसं काम करतं?
दोन वेगवेगळ्या ऊर्जेचे एक्स-रे कंबरेचा मणका आणि खुबा यांतून सोडतात. हाड आणि मांस ते कमी-जास्त अडवतात. त्या फरकावरून हाडातलं खनिज मोजलं जातं. वेळ १०-१५ मिनिटं, सुई नाही. किरणं साधारणपणे छातीच्या एक्स-रेपेक्षाही कमी असतात. आदल्या दिवसापासून कॅल्शियमची गोळी घेऊ नये.

रिपोर्ट कसा वाचायचा?
टी-स्कोअर बघा. यात तरुण, निरोगी हाडांशी तुलना असते.
- -१ किंवा वर: सामान्य
- -१ ते -२.५ यांच्या मधे: घनता कमी
- -२.५ किंवा खाली: ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ

पन्नाशीच्या आतले पुरुष आणि पाळी सुरू असलेल्या स्त्रियांसाठी झेड-स्कोअर बघतात.

कोणी करावा?
- ६५ वर्षांपुढच्या स्त्रिया, ७० पुढचे पुरुष
- पाळी लवकर गेलेल्या स्त्रिया
- किरकोळ पडून हाड मोडलेले
- तीन महिने किंवा जास्त स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांची हाडं कमी वयातही कमजोर होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

आणखी एक. आजीची पाठ दुखली की आपण म्हणतो, "रोवणीत वाकून वाकून दुखते." पण तिची उंची कमी झाली असेल, पाठीला बाक आला असेल, तर मणका आतून दबलेला असू शकतो. अशा वेळी बाम चोळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

शिबिरातलं टाचेचं मशीन?
ते बहुतेक अल्ट्रासाऊंडवर चालतं. त्यातून अंदाज येतो, पक्कं निदान होत नाही. त्यावरून औषध सुरू करू नका.

फोनचा उपयोग
शेफील्ड विद्यापीठात तयार झालेलं 'फ्रॅक्स' ब्राउझरमध्ये उघडा आणि देश 'भारत' निवडा. वय, वजन, उंची, जुनं फ्रॅक्चर अशी माहिती भरली की पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता टक्क्यांत दिसते. स्कॅन नसला तरी चालतं, पण वय ४० ते ९० हवं. आईची, आजीची माहिती भरा, स्क्रीनशॉट घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. नागपूरची फेरी करायची की नाही, ते मग ठरेल.