कुंपणाने शेत खाल्ले तो दिवस : २१ एप्रिल २०१०

१/८
त्या बुधवारी अमेरिकेतील ऱ्होड आयलंडच्या काही रुग्णालयांनी तातडीच्या विभागात गंभीर जखमी वगळता अन्य रुग्ण घेणे थांबवले. केंटकी राज्यात पोलिसांना गस्ती गाड्यांमधील संगणक बंद करण्याची सूचना मिळाली. ऑस्ट्रेलियात कोल्स या दुकानसाखळीची काही दुकाने उघडता आली नाहीत. हा कोणा हॅकरचा हल्ला नव्हता. संगणक मोडले होते ते त्यांच्या पहारेकऱ्याने.

२/८
अँटीव्हायरस एका यादीवर चालतो. ज्ञात व्हायरसच्या खुणा तीत नोंदलेल्या असतात. नवे व्हायरस रोज येतात, म्हणून यादीही रोज बदलते. निरपराध फाइल अशा खुणेशी जुळली, की तिला 'फॉल्स पॉझिटिव्ह' म्हणतात.

३/८
मॅकॅफी कंपनीची त्या दिवशीची यादी होती क्रमांक ५९५८. 'वेकॉर्ल' नावाच्या व्हायरसची तिच्यातील खूण विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक ३ मधील 'एसव्हीसीहोस्ट' या फाइलशी जुळली.

४/८
ही फाइल म्हणजे विंडोजचा कणाच. नेटवर्कसह अनेक सेवा तिच्याच आधाराने चालतात. ती हटवली जाताच संगणक पुन्हापुन्हा सुरू होऊ लागले आणि त्यांचे नेटवर्क तुटले.

५/८
खरा पेच येथे होता. कंपनीने काही तासांत सुधारित यादी दिली. पण ती पोहोचणार कशी? नेटवर्कच नव्हते. तंत्रज्ञांना एकेका संगणकापाशी जाऊन, तो सेफ मोडमध्ये सुरू करून फाइल परत ठेवावी लागली. बिघाड नेटवर्कवरून क्षणात पसरला. दुरुस्ती मात्र पायी गेली.

६/८
असे पूर्वीही घडले होते. मे २००७ मध्ये सिमँटेकच्या अँटीव्हायरसने चिनी भाषेतील विंडोज एक्सपीच्या दोन मूळ फाइली ट्रोजन समजून काढल्या. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये सोफोसच्या अँटीव्हायरसने तर स्वतःच्याच अपडेट यंत्रणेला संशयित ठरवले.

७/८
मॅकॅफीच्या चाचणीत विंडोज आणि अँटीव्हायरस यांच्या आवृत्त्यांची नेमकी हीच जोडी तपासली गेली नव्हती. फटका बसलेले उद्योग-ग्राहक अर्ध्या टक्क्याहूनही कमी, असे कंपनीने सांगितले. परंतु त्या अर्ध्या टक्क्यात रुग्णालये होती.

८/८
यादी उशिरा आली तर खरा व्हायरस आत शिरतो; घाईने आली तर निरपराध फाइल बळी पडते. या कात्रीतून पूर्ण सुटका नाही, म्हणून हानी आटोक्यात ठेवण्याला महत्त्व येते. संशयित फाइल नष्ट न करता वेगळी ठेवावी. विंडोजच्या मूळ फाइलींना हात लावण्यापूर्वी त्यांची ओळख पुन्हा पडताळावी. नवी यादी आधी मोजक्या संगणकांवर चालवून पाहावी. मग पहारेकरी चुकला, तरी ती चूक त्या मोजक्या संगणकांपाशीच थांबते.