डॉक्टरांचे चुकलेले दिवस आणि सकाळचा तापमापक

१/ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अपत्याची आस लागलेले एखादे जोडपे युरोपातील नामांकित वैद्याकडे गेले असते, तर त्याला बहुधा पाळीच्या आगेमागेचे दिवस सांगितले गेले असते. मूल नको असणाऱ्यांना सल्ला मिळे तो असा: दोन पाळ्यांच्या मधले दिवस निर्धोक. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट होती. एवढी मोठी चूक झाली कशी आणि ती सुधारली कशी, याचा हा इतिहास.

२/ समज जुनाच होता. दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणारा ग्रीक वैद्य सोरेनस पाळी ओसरतानाचा काळ गर्भधारणेस उत्तम मानी. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत ऋतुकाल १२ रात्रींचा, तर मनुस्मृतीत १६ रात्रींचा सांगितला असून त्यांतील पहिल्या ४ वर्ज्य आहेत. इतक्या रुंद जाळ्यात खरे दिवस बहुधा सापडत. नेमका दिवस मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. सम रात्री पुत्र आणि विषम रात्री कन्या, हा तर निव्वळ समज.

३/ १८२७ मध्ये कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर याने सस्तन प्राण्याचे स्त्रीबीज प्रथम पाहिले, तेही कुत्रीच्या बीजांडकोशात. पुढे १८४० च्या दशकात बिशॉफ, पूशे प्रभृती संशोधकांनी बीज ठरावीक काळाने आपोआप सुटते, असे दाखवले. इथवर सारे बरोबर होते. पण कुत्री माजावर येताना तिला रक्तस्राव होतो, म्हणून स्त्रीचा ऋतुस्रावही तसाच, म्हणजे बीज सुटण्याची खूण, असे अनुमान निघाले. एका प्राण्यावरून दुसऱ्याचा न्याय झाला आणि पुढची कित्येक दशके तोच पाठ्यपुस्तकांतून शिकवला गेला.

४/ चूक उघडी पाडण्यास साधन हवे होते. १८६० च्या दशकाच्या आरंभी तापमापक हातभर लांब होता आणि तो स्थिर होण्यास २० मिनिटे लागत. १८६७ च्या सुमारास इंग्लंडमधील क्लिफर्ड ऑलबट यांनी वीतभर लांबीचा, ५ मिनिटांत माप देणारा तापमापक प्रचारात आणला. पुढच्याच वर्षी जर्मनीत वुंडरलिख यांचा शरीरतापमानावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. शरीराची उष्णता रोजच्या रोज टिपून ठेवता येऊ लागली.

५/ याच साधनाने एका वादाला उत्तर दिले. १८७३ मध्ये हार्वर्डचे डॉक्टर एडवर्ड क्लार्क यांनी लिहिले की पाळीच्या काळातील अभ्यासाच्या ताणाने मुलींचे जननेंद्रिय दुर्बल होते. म्हणून त्यांना मुलांच्या बरोबरीने शिकवू नये. मुली शिकल्या तर माता होणार नाहीत, हा त्यामागचा धाक.

६/ न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी प्रतिवाद केला तो आकड्यांनी. स्त्रियांना प्रश्नावली पाठवली. काहींची नाडी आणि तापमान पाळीच्या चक्रभर नोंदवले. तापमान पाळीपूर्वी चढते आणि पाळीबरोबर उतरते, असे त्यांना दिसले. सक्तीच्या विश्रांतीस आधार मात्र सापडला नाही. १८७६ मध्ये या निबंधाला हार्वर्डचे बॉयल्स्टन पारितोषिक मिळाले. निबंध निनावी पाठवण्याची रीत होती, आणि त्या वैद्यकीय विद्यालयात स्त्रियांना तेव्हा प्रवेशही नव्हता!

७/ जेकोबी १८६४ मध्ये फिलाडेल्फियातील ज्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, त्याच महाविद्यालयाने १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींना पदवी दिली. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र.

८/ तापमानाची लाट दिसली होती, तिचा अर्थ लागायचा होता. १९०४-०५ मध्ये डच स्त्रीरोगतज्ज्ञ थिओडोर फान दे फेल्डे यांनी या आलेखातील दोन पायऱ्या दाखवल्या: चक्राच्या पूर्वार्धात खालची, उत्तरार्धात वरची. या चढउतारांचा संबंध त्यांनी बीजांडकोशाच्या कार्याशी जोडला.

९/ नेमका दिवस जपानमध्ये सापडला. नीगाता येथील क्यूसाकू ओगिनो शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्ण स्त्रियांचे बीजांडकोश निरखीत आणि त्यांच्या पाळीच्या तारखांशी ताडून पाहत. त्यांनी मोजणीची दिशाच उलटी केली: मागच्या पाळीपासून पुढे नव्हे, तर पुढच्या पाळीपासून मागे. बीज पुढील पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी सुटते, हा त्यांचा निष्कर्ष १९२४ मध्ये जपानीत आणि १९३० मध्ये जर्मनीत प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळपास तेथेच पोहोचले. जगाने ही पद्धत संततिनियमनासाठी उचलली. ओगिनोंना तो वापर मान्य नव्हता.

१०/ तापमान चढते का? बीज सुटल्यावर मागे उरलेल्या पुटकाचा पीतपिंड होतो आणि त्यातून प्रोजेस्टेरॉन स्रवते. हे संप्रेरक शरीराचे तापमान ०.२ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढवते. फरक इतका सूक्ष्म की झोपेतून उठताच, अंथरूण सोडण्यापूर्वी मोजले तरच भरवसा. जागरण, ताप, मद्य यांनीही आलेख बिघडतो.

११/ यातच एक मेख आहे. तापमान चढते ते बीज सुटून गेल्यावर. १९९५ मध्ये अमेरिकेत विल्कॉक्स व सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गर्भधारणा झाली ती केवळ ६ दिवसांतील संबंधांतून: बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे ५. म्हणजे आलेख चढलेला दिसतो, तेव्हा त्या महिन्याचे दार बहुधा मिटलेले असते.

१२/ आधीची चाहूल देते ती दुसरी खूण. बीज सुटण्याच्या सुमारास गर्भाशयमुखाचा स्राव पातळ, निसरडा, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा होतो. मेलबर्नचे जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज यांनी १९५० च्या दशकापासून स्त्रियांच्या स्वतःच्या निरीक्षणांवर यातून पद्धत उभी केली. स्राव पुढचे सांगतो, तापमान घडून गेलेल्याची साक्ष देते. काही महिन्यांच्या नोंदी एकत्र वाचल्या तर दोन्ही उपयोगी पडतात.

१३/ कुत्रीवरून स्त्रीचा न्याय करणारे विद्वान अडाणी नव्हते. त्यांनी स्त्रीलाच विचारले नव्हते. रोजची नोंद सुरू झाली आणि शतकांची तारीख चुकीची ठरली. पण या आलेखालाही मर्यादा आहे: त्यात पुरुषाविषयी एक अक्षरही नसते. वर्षभर प्रयत्न करूनही, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असेल तर ६ महिन्यांतच, तपासणी दोघांची व्हावी. केवळ स्त्रीच्या वहीत उत्तर शोधत बसणे म्हणजे जुनीच चूक नव्या साधनाने करणे होय.